आजीच्या बांगड्या वाढल्या

तव्यावर पोळी तशीच टाकून मी जिन्यात पळाली, कडेवर माझी लेक परी, हाताला पीठ, मोबाईल कानाला, आणि तिकडून फोनवरची मुलगी मला विचारतेय, बांगड्या वाढल्या म्हणजे काय, जास्त झाल्या का. मी बोलली नाही ओ मॅडम, आजीच्या हातातल्या वाढल्या, त्यांच्या मुलाने वाढवल्या. तर ती बोलते, म्हणजे मुलाने अजून आणून दिल्या का. आता काय सांगू तुम्हाला ताई, खाली लिफ्टचा दरवाजा वाजला की वाटायचं आला तो, आणि हिला वाटतंय मुलगा आईला बांगड्या घेऊन देतोय.

म्हाताऱ्या माणसांना घरात कोण त्रास देत असेल तर फोन करा, असा कागद मेडिकलवाल्याच्या काचेवर लावलेला आहे आमच्या इथे. तो नंबर मी आठ दिवस आधीच मोबाईलमध्ये घेऊन ठेवलेला, शेवंता मावशी नावाने, नवऱ्याने बघू नये म्हणून. आठ दिवस रोज काढायची आणि परत ठेवायची. हिंमतच नाही.

मी कोण मोठी लागून गेली? माझं माहेर देवगडच्या बाजूला, सातवी झाली आणि शाळा सुटली, आईच्या गुडघ्याला पाणी झालेलं, घरातलं कोण करणार. लग्न होऊन कांदिवलीला आली, चाळीत खोली, नवरा सिक्युरिटीला, बारा तास उभा. मी तीन घरी पोळ्या करते, त्यातलं एक या आजींचं. बाकीच्या दोन घरी परीला नेलेलं चालत नाही, तिथे जाताना शेजारणीकडे ठेवते, पण आजी बोलायच्या आण गं तिला, घरात जरा आवाज होतो. परी त्यांच्या मांडीवर बसून त्यांच्या हातातल्या बांगड्या वाजवायची, हिरव्या काचेच्या, आजीला दुसऱ्या चालायच्याच नाहीत. आजोबा आतल्या खोलीत पलंगावर, लकवा मारलेला, उजवी बाजू गेली, डाव्या हातालाही जोर नाही. आणि तिसरा दादा. आजींचा मुलगा, लग्न होऊन मोडलेलं, ऑफिसात मोठ्या जागेवर आहे. खोटं नाही बोलणार ताई, चांगला माणूस. मला अहोजाहो करायचा, मला, पोळ्यावालीला. परीच्या बालवाडीचा फॉर्म त्यानेच भरला, माझ्या चुका खोडून परत लिहिला. म्हणून तर माझं डोकं चालेना.

आधी एकदा आजी बोलल्या, सुवर्णा, बांगड्या वाढल्या गं, डझनभर आण ना, जुन्याच मापाच्या. आणल्या. म्हातारं माणूस, आपटला असेल हात कुठे. आठवड्याने परत, वाढल्या. परत आणल्या. बांगडीवाला पण हसला, बोलला आजी कुस्ती खेळतात काय. मी पण हसली, आता आठवलं की माझंच मला वाईट वाटतं. तिसऱ्या वेळेला त्यांचा हात सुजलेला, बांगडी चढेना, मी साबण लावून भरायला बसली, मनगट असं धरलं, आणि बघते तर माझ्या बोटांच्या खाली निळी बोटं. चार एका बाजूला, अंगठा दुसऱ्या बाजूला. माझ्या बोटांपेक्षा मोठी. मी बोलली आजी हे काय. बोलल्या आजोबांना कुशीवर वळवताना त्यांनी घट्ट धरलं. ताई, आजोबांना चमचा धरता येत नाही.

मग मी बघायला लागली. बघायला लागलं की दिसतं, आधी पण तिथेच होतं सगळं. आजोबांचे ओठ फाटलेले. पाण्याचा तांब्या पलंगाजवळ असायचा तो गेला, फिल्टरजवळ गेला, मग दादाच्या खोलीत. तेलाच्या डब्यामागे मला एक वाटी सापडली पाण्याने भरलेली, मी ओतणार तर आजी धावतच आल्या, राहू दे गं, राहू दे, त्यांच्यासाठी चोरून ठेवलंय. स्वतःच्या घरात, स्वतःच्या नवऱ्यासाठी पाणी चोरून. पाच वाजले की पाणी बंद, आजोबांना पण आणि आजींना पण. का तर रात्री अंथरूण ओलं होतं.

त्या दिवशी दादा घरूनच काम करत होता. मी पोळ्या लाटतेय, परी खाली डबे मांडतेय, आणि आतून पेला पडल्याचा आवाज. मी वाकून बघितलं. आजीचं मनगट त्याच्या हातात, असं पिरगळलेलं, पाणी लादीवर, आणि काच टिकटिक करत खाली पडतेय. आणि तो ओरडत नव्हता ताई. ओरडला असता तर बरं, आमच्या चाळीत सगळे ओरडतात. हा एकदम हळू बोलतोय, आई, किती वेळा सांगायचं, सकाळी दिलंय ना मोजून, डॉक्टरनी सांगितलंय तेवढं. डॉक्टरने असं काही सांगितलेलं नव्हतं. मग मला बघितलं आणि बोलतो, ताई, काच झाडून घ्या जरा, परीच्या पायाला लागेल. आणि औषध आणायला खाली गेला. मी झाडली काच. झाडली ना, हातात सुपली होती तर झाडली. आणि सुपली तशीच टाकून परीला उचललं आणि जिन्यात.

तर ती फोनवरची मुलगी. तिचा काय दोष, तिला कोणी सांगितलंच नसेल. आमच्यात नवरा जिवंत असलेल्या बाईची बांगडी फुटली असं तोंडाने काढत नाहीत, वाढली बोलायचं. फुटली, फोडली हे नवरा गेल्यावरचं. आजोबा आत जिवंत माणूस आणि मी कसं बोलू? मी तिला बोलली मॅडम तो शब्द मला बोलता येत नाही. ती बोलते ताई, बोलल्याशिवाय मला कळणार कसं. मग मी डोळे मिटले, आमच्या रवळनाथाला हात जोडले, हात कुठले, एका हातात परी, मनातच जोडले, आणि बोलून टाकलं, फोडल्या, मुलाने फोडल्या आईच्या बांगड्या. तर तिने दुसऱ्या मोठ्या बाईंना फोन दिला आणि त्या हळहळून बोलतात, अरेरे, आजोबा कधी गेले? मला रडू आणि हसू एकदमच. मी बोलली कोण गेलं नाही ओ, सगळे आहेत, तहानेने जातील, मनगट पिरगळलं त्याने, तुम्ही कोणाला तरी पाठवा, लवकर पाठवा. तेव्हा त्यांनी पत्ता घेतला. वर आली तर पोळीचा कोळसा, घरभर धूर.

दीड तासाने पोलीस आले, एक हवालदार बाई, माझ्या आईच्या वयाची, आणि एक त्या फोनवाल्या संस्थेची बाई. दादाने या बसा केलं, चहा विचारला. आजी सोफ्यावर, हात पदराखाली. संस्थेच्या बाईने विचारलं आजी, तुम्हाला कोणी मारतं का. नाही. त्रास देतं का. नाही हो, माझा मुलगा लाखात एक आहे. ही सुवर्णा जरा भित्री आहे, हिला काहीतरी वाटलं. मी म्हटलं, मेली आता मी, काम गेलं, नवरा घरात घेणार नाही, आणि वर खोटारडी.

मग त्या हवालदार बाई उठल्या, आजींच्या शेजारी जाऊन बसल्या, पदर बाजूला केला नाही की काही नाही, नुसतं विचारलं, काकू, या महिन्यात बांगड्या किती वेळा वाढल्या. आणि आजी अशा सहज, भाजीवाल्याला सांगावं तशा बोलल्या, चारदा. त्यांना कळलंच नाही आपण काय बोललो, मग कळलं. हवालदार बाई बोलल्या, आणि कोणाच्या हातून वाढल्या? आजींनी दादाकडे बघितलं.

बाई माझ्याकडे वळल्या, तू बघितलंस का डोळ्याने? मी बोलली हो. मग सही कर. त्यांनी सगळं लिहिलं, मला वाचून दाखवलं, पेन दिलं. दादा स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभा, परी त्याच्याकडे बघून हसतेय, तिला काय कळतंय, तो तिचा दादा. आणि आजी सोफ्यावरून, एकदम बारीक आवाजात, सुवर्णा, नको गं. माझा एकच मुलगा आहे. मी पाया पडते तुझ्या.

मी सही केली. माझं पूर्ण नाव, मोडकंतोडकं, पण पूर्ण.

आता दोन महिने झाले. आजींची लेक मुलुंडला असते, ती दोघांना घेऊन गेली. फोन केला तर सांगते, बाबांचे ओठ बरे झाले, आई दोन वेळ जेवते, पण तुझ्याशी नाही बोलायचं म्हणते. फोनजवळ बसलेल्या असतात, मला टीव्ही ऐकू येतो मागे, पण घेत नाहीत. दादाला पोलीस स्टेशनला बोलावतात, अजून काय झालं नाही, चालू आहे म्हणे. परवा बाजारात समोरच आला. मी घाबरून परीला घट्ट धरलं. तो बोलला, ताई, दीड वर्ष रात्री उठून चादरी कोण बदलत होतं, ते लिहिलंत का तुम्ही त्या कागदावर. आणि गेला. ते लिहिलं नव्हतं. मला कोणी विचारलंच नाही, आणि मी पण सांगितलं नाही.

नवरा दोन दिवस बोलत नव्हता, आता बोलतो. चाळीतल्या बायका येतात विचारायला, तो नंबर दे गं, अमक्याच्या सासऱ्याचं असं असं आहे, देते मी, अंगात एकदम चढल्यासारखं होतं देताना. आणि मग पोळ्या लाटताना मधेच ते नको गं ऐकू येतं. तुम्ही शिकलेल्या आहात ताई, तुम्ही हे लिहून लोकांना वाचायला देणार, तर त्यांना पण विचारा. आजोबा तिथे तहानलेले, आणि आजी समोर बसून पाया पडते म्हणतायत, आणि पेन तुमच्या हातात. तुम्ही काय केलं असतं?