कांगारूची ओटी

माझ्या आत्याला ‘हात लावू नकोस’ म्हणणं म्हणजे तिला आमंत्रणच. सिडनीहून मैत्रिणीने मला कांगारूचं चांदीचं नाणं पाठवलं होतं. संग्रहाचं नाणं, बोटाचा डागही पडता कामा नये; भिवंडीच्या सोनारालाही मी ते डबीतूनच दाखवलं होतं. वहिनीच्या डोहाळजेवणात बघते तर काय, तिच्या ओटीत नारळ-तांदळांवर तेच नाणं, हळदकुंकवाने माखलेलं!

आमच्या शेलार गावातल्या सगळ्या बायकांसमोर मी ओरडले, “आत्या, वाट लावलीस त्याची! ओटीत रुपया घालतात, कांगारू नाही!”

“वरडू नको. नीट बग त्या जनावराकडं. पोटाला पिशवी, पिशवीत पोर. अगो, ती जन्माचीच भरल्या ओटीची हाय! दोनदा हिची ओटी भरली न् रिकामी झाली. यंदा रुपयावर माझा भरवसा न्हाय.”

वहिनीने नाणं मुठीत घट्ट धरलं होतं. तरी हळूच म्हणाली, “परत देऊ का, ताई?”

“राहू दे,” मी म्हटलं. “पण बाळ झालं की मला परत हवंय.”

“देईन की,” आत्या म्हणाली, “तुझ्याच ओटीत घालीन. आधी एका तरी स्थळाला हो म्हण!”