सवय होईल

आधीचा कृत्रिम पाय आजोबांनी माळ्यावर टाकला होता. टोचतो म्हटलं, तर तो बनवणाऱ्याकडून “सवय होईल” एवढंच उत्तर मिळालं होतं. आज मुलाने नव्या पायासाठी जबरदस्तीने दवाखान्यात आणून बसवलं होतं. मुलगा चहाला गेला तसं त्यांनी पळ काढायला कुबडी उचलली. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या मावशी-भाचीचं बोलणं कानावर आलं.

“परदेशात जाऊन नुसते पायच बनवलेस?”

“पहिला सरावाचा पाय आरशासारखा चकचकीत केला, मावशी. तिथल्या सरांनी माझाच गुडघा दुमडून त्यात बांधला नि म्हणाले, जा, बाजार करून ये.”

“अगं बाई! मग?”

“दारातच रडले. असं टोचत होतं आत!”

“सोनारानेच कान टोचले म्हणायचे.”

“मग तासत बसले. घालायचा, रडायचं, पुन्हा तासायचा. शेवटी टोमॅटो घेऊन आले. एकही फुटला नाही!”

“बरं, ऊठ आता. पहिला दिवस आहे, पेशंट खोळंबला असेल.”

पोरगी उठून समोर आली.

“आजोबा, निघालात?”

“छे! कुबडी जरा नीट ठेवत होतो.”