आमच्यात कुणालाच नाही!

मंडळी, आज कीर्तनातला पहिला प्रश्न पुढं बसलेल्या बाळगोपाळांना! सांगा रे, मनाची उदासी जन्माला आली कधी? तुमच्या दादा-ताईच्या पिढीत? की त्याच्याही आधी?

ते पाहा, मागून आजोबाच बोलले, 'आमच्या वेळी असलं काही नव्हतं!' अहो, तुमच्या वेळी सगळंच उत्तम होतं, मग दात कुठं गेले? — हसा, आत्ताच हसून घ्या. पुढं हसायला जागा नाही.

ऐका. एका गावात तांबट आळी. तिथं काशिनाथ तांबट, घागरी आणि बंब घडवणारा. बायको लवकर गेली. घरात म्हातारी आई आवडाबाई आणि एकुलता हेमंत. पोरगा शिकला, शहरात नोकरीला लागला, आणि एक दिवस परत येऊन अंथरुणावर पडला तो पडलाच! ताप नाही, खोकला नाही. ताट समोर, नजर भिंतीवर.

'अरे, दुखतंय कुठं?' बापानं विचारलं.

'कुठंच नाही, दादा. काहीच वाटत नाही.'

आता 'काहीच वाटत नाही' हे काय दुखणं झालं? शेजारी म्हणाले, 'चैन आहे ही! मोबाईल काढून घ्या!' काशिनाथाच्या मनात एकच धास्ती. एकुलतं पोर हातचं जाईल की काय! पण तोंडानं काय म्हणाला? 'आमच्या आबांनी दुष्काळ काढला, कधी हूं की चूं केलं नाही. हातोडा हाती असला की रडायला सवड नसते! ऊठ, बैस कामाला!'

मुलांनो, तांबटाकडे एक लोखंडी कांब असते, तिला म्हणतात खरवई. तिच्यावर भांडं उपडं घालायचं आणि ठोकायचं. झालं! आतून आवाज सुरू — ठण्, ठण्, ठण्! बाहेर काशिनाथ गिऱ्हाइकाला सांगतोय, 'ऐकलंत? पोरगं उठलं आमचं!' पेढे वाटायचेच बाकी!

तेवढ्यात आवडाबाई पिठाच्या हातानं बाहेर आली.

'काशी, हा आवाज भांड्याचा नाही.'

'म्हणजे?'

'तांबं घुमतं रे. हे नुसतं लोखंडावर लोखंड. खरवई रिकामी आहे.'

काशिनाथानं गिऱ्हाइकाला हातानंच वाटेला लावलं.

'तुझे आबा शेवटी शेवटी असंच ठोकत बसायचे. मी चुलीपाशी ऐकायची. सासूबाईंनी तोंडावर बोट ठेवलं, मीही ठेवलं. मग ते नदीवर गेले. गावाला काय सांगितलंस तू?'

'पाय घसरला.'

'आणि त्यांच्या बापाचं काय सांगितलं होतं आम्ही?'

मंडळी, जन्मभर तांबं ठोकलेला माणूस, त्याला आवाज कळला नसेल? कळला होता हो! कान ऐकत होते, मन ऐकू देत नव्हतं!

तो आत धावला. हेमंतच्या तळहाताला फोड, डोळे कोरडे. बापाला पाहून म्हणतो, 'दादा, थांबू का?' — परवानगी मागतोय हो पोर!

'थांब, राजा. थांब.'

'थांबलो की पुढं काय करायचं, ते कळत नाही.'

मायलेकांनी मिळून त्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी विचारलं, 'घरात पूर्वी कुणाला असा त्रास?'

काशिनाथ म्हणाला, 'छे! आमच्यात कुणालाच नाही!'

निघून गेलं तोंडातून! पिढ्यांची सवय!

मागून म्हातारी म्हणाली, 'सगळ्यांना होता, बाई. ह्या काशीलाही आहे. सून गेल्यापासून हा माझ्याशी धड बोललेला नाही.'

आणि काशिनाथ — तिथंच, खुर्चीत — लहान पोरासारखा रडला.

हेमंत बरा झाला का, विचारताय? खोटं सांगून मी पुण्य कशाला कमवू! औषध चालू आहे. अजून कित्येक सकाळी त्याला उठवत नाही. आणि नदीवर गेले, त्यांना कोण आणणार?

जाणकार मोजतात, कुठल्या पिढीत उदासी किती, वाढली की घटली. मोजावं. वाढलीही असेल, काळच तसा आहे. पण मागच्यांचा आकडा आणणार कुठून? आपण तर दर वेळी 'पाय घसरला' म्हणत आलो!

आज गजर नको. टाळ खाली ठेवा. शेजारच्याकडे वळा, विचारा, 'मनानं कसा आहेस?' बाळांनो, तुम्ही आजोबांना विचारा. 'बरं आहे' म्हणाले तर लगेच मान फिरवू नका, पुन्हा विचारा.

विचारा. तोवर मी उभा आहे.