गर्टीला माफी कोण देणार?

...आणि वर मलाच म्हणतात, "वेंडेल, तुला कसली काळजी? सख्खा धाकटा भाऊ अमेरिकेचा अध्यक्ष." अहो, तुम्हाला सांगतो, सख्खा भाऊ गावात नळ दुरुस्त करत असता ना, तर जास्त उपयोग झाला असता. निदान नळ तरी टपकायचा थांबला असता. जगातला सगळ्यात ताकदवान माणूस म्हणे...

आता माझी गर्टी तुम्हाला माहीतच आहे. हंसीण. हंसीण म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काहीतरी नाजूक, डौलदार येत असेल, तर ते काढून टाका. गळ्यात भोंगा बसवल्यासारखी ओरडते आणि दिसेल त्याच्या पोटरीला चावते. पाद्रीबुवांना दोनदा चावली. पण माझ्या बायकोनं, लोइसनं, तिला एवढंसं पिल्लू असताना अ‍ॅप्रनमध्ये घालून आणली होती, आणि लोइस गेल्यापासून मी दार उघडलं की घरात कुणीतरी ओरडायचं, ते एवढं एकच. एवढंच उरलं होतं हो मला.

तर हॅस्केटबाई. केस कापायचं दुकान आहे त्यांचं आणि गावसभेच्या अध्यक्षही त्याच. त्यांनी नियम शोधून काढला, गावाच्या हद्दीत कोंबड्या, बदकं, हंस पाळायला बंदी. "महिनाअखेर हलवा, नाहीतर आम्ही घेऊन जाऊ." घेऊन जाऊन काय करणार, हे थँक्सगिव्हिंगच्या, घरोघरी पक्षी भाजून खायच्या सणाच्या तोंडावर मला वेगळं सांगायला पाहिजे का?

लावला धाकट्याला, क्लेटला फोन. म्हटलं, "दरवर्षी टीव्हीवर त्या हिरवळीवर उभा राहून सणाच्या टर्की पक्ष्याला 'कापू नका' म्हणून माफी देतोस ना? ओळख ना पाळख अशा टर्कीला? मग घरच्या हंसिणीला दे की."

"दादा, ती गंमत असते. खरी माफी केंद्राच्या गुन्ह्याला देता येते. हा पडला गावचा नियम. माझ्या अखत्यारीत येत नाही."

"मग हुकूम काढ."

"माझे हुकूम माझ्या खात्यांना."

"तो नकाराधिकार का काय, तो वापर."

"तो संसदेच्या विधेयकाला, दादा. हॅस्केटबाईंना नाही."

"मग लष्कर पाठव."

तर यानं विषयच बदलला. मग हळूच म्हणतो, "दादा, तू जेवलास का?"

बघा म्हणजे. याच्या मागे मागे एक अधिकारी रात्रंदिवस अणुबॉम्बची पेटी घेऊन फिरतो, याच्या मनात आलं तर अर्धं जग बेचिराख, आणि हा एका केस कापणाऱ्या बाईपुढे... जगातला सगळ्यात ताकदवान माणूस म्हणे.

पण ते 'केंद्राचा गुन्हा' माझ्या डोक्यात बसलं. रात्रभर विचार करून नाही, भांडी घासताना सुचलं. आपला पोस्टमन लाइल, तो कुणाचा माणूस? केंद्राचा. गर्टी त्याला चावली तर गुन्हा कुणाचा? केंद्राचा. मग माफी कोण देणार? कशी वाटते अक्कल? दुसऱ्या दिवशी लाइल आला तसं मी फाटक सताड उघडलं. आणि ही बया, जिनं पाद्रीबुवांना सोडलं नाही, ती तुरुतुरु गेली आणि लाइलच्या बुटावर मान टाकून डोळे मिटून बसली. मी म्हणतोय, "लाइल, जरा पाय आपट, हाड्हूड कर." तो खिशातून बिस्किट काढून तिला भरवतोय. "नाही हो वेंडेल, आमचं छान जमतं." अख्ख्या गावात केंद्र सरकारशी हिच्याएवढं कुणाचं पटत नसेल.

शेवटी क्लेट स्वतः आला. हो, गावसभेला. हेलिकॉप्टर शाळेच्या मैदानात, काळ्या कोटातले अंगरक्षक दारादारांत. मला वाटलं, आता बाई काय करतात बघू. क्लेट माइकपाशी गेला, घसा खाकरला, "माझ्या देशबांधवांनो..."

हॅस्केटबाई चष्म्यावरून बघत म्हणतात, "नाव?"

"मी... क्लेटन."

"राहायला कुठं?"

"लहानपणी इथंच, त्या ओढ्यापलीकडे..."

"आत्ता कुठं राहता?"

"वॉशिंग्टनला."

"इथं फक्त गावच्या रहिवाशांना बोलता येतं. तीन मिनिटं. तुम्हाला नाही. खाली बसा."

आणि बसला. तुम्हाला सांगतो, बसला हो खाली. माझ्या शेजारच्या खुर्चीत, पाय जोडून, शाळेत बसायचा तसा. मला म्हणतो, "दादा, बरोबर आहे त्यांचं. त्यांच्या अखत्यारीत येतं." मग माझी तीन मिनिटं मी बोललो. गर्टीचं सोडून लोइसचंच बोलत राहिलो, आणि घंटा वाजली. बाईंनी डोळे पुसले आणि नियम कायम ठेवला.

गर्टी गेली त्याच हेलिकॉप्टरमधून. तेवढं मात्र क्लेटला करता आलं, स्वतःच्या अंगणात ठेवून घेतलंन. घर कसं सुनं सुनं झालं म्हणून सांगू... दार उघडायलाच नको वाटायचं.

परवा फोन. "दादा, ही माझ्या ऑफिसच्या दारात बसलीय. मला आत जाऊ देत नाही. दोन सेनापतींना चावली. तू जरा हिला रागव, तुझंच ऐकते."

मी म्हटलं, "क्लेट, ते माझ्या अखत्यारीत येत नाही."

मग मला राहवेना. म्हटलं, "फोन जरा तिच्या तोंडाशी धर." ती ओरडली, आणि मी आपला ऐकत बसलो, पुष्कळ वेळ. तिकडे जगातला सगळ्यात ताकदवान माणूस हंसिणीपुढे फोन धरून ओणवा उभा. चला, तेवढं तरी त्याच्या अखत्यारीत येतं.