पारूबाईचा माळ

दीप्ती : झाडं लावायला गायरान मिळणार नाही, आत्ती. ग्रामसभेत बाळासोकाका उठले. म्हणाले, तिथला मुरूम काढायचाय, झाडं दुसरीकडं लावा. संपला विषय.

पारूबाई : आन् तू गप बसलीस?

दीप्ती : बोलले की. पण ऐकतंय कोण? मुरगूडपासून सगळे डोंगर पालथे घातले. चांगल्या मातीत ऊस, आणि उरलेल्या जागेवर कुणाचा ना कुणाचा डोळा.

पारूबाई : माझ्या माळावर लाव.

दीप्ती : अगं, तुझी तेवढीच जमीन.

पारूबाई : पिकतंय काय तिथं? कुळीथ टाकला तर बी सुदिक माघारी येत न्हाय.

दीप्ती : मघाशी खड्डा काढून बघितला मी. वीतभर माती, खाली मुरूम. खैर येईल, पळस येईल, ओढ्याकडेला करंज. शेंगांची झाडं ही, मुळांवर गाठी धरतात, जमिनीला खत देतात. पण तुझ्या हाताला काय लागणार?

पारूबाई : गेल्या पावसात त्यो मुरमासाठी उकरलेला डोंगर खाली आला. माझी म्हैस गोठ्यात गाडली. दावं कापायला बी मिळालं न्हाय. माती धरून ठेवणारं कायतरी पायजे मला.

(बाळासो दारात येतो.)

बाळासो : पारूआक्का, पोकलेनवाला उद्या येतोय. मुरूम त्यो नेईल, तुला सपाट रान. माझ्या पाइपलाइनचं पाणी घे, ऊस लाव निवांत.

पारूबाई : पोकलेन माघारी लाव. माळावर झाडं लावणार हाय.

बाळासो : कसली? काजू?

दीप्ती : खैर, पळस, करंज.

बाळासो : जळणाची झाडं लावायला कॉलेज शिकलीस व्हय, पोरी?

पारूबाई : तिला बोलू नगोस. जमीन माझी हाय, माझ्याशी बोल.

बाळासो : जमीन तुझी, पर वाट माझ्या बांधावरनं हाय. उद्यापास्नं बंद. रोपं काय डोक्यावरनं नेतीस?

पारूबाई : नेतो की. तुझ्या आज्ज्यानं विहिरीची वाट अडवली, तवा माझी सासू घागर घेऊन गेलीच.

बाळासो : जुनं कशाला उकरून काढतीस?

पारूबाई : वाटंचं तू काढलंस.

बाळासो : मरतील समदी रोपं. कुसळ बी जगत न्हाय तिथं.

पारूबाई : मेली तर पुन्यांदा लावीन. आन् ऐक. डोंगर सुटला तर म्हैस कुणाची, ऊस कुणाचा, बघत न्हाय. तुझं रान बी खालीच हाय.

बाळासो : वाट उघडी ऱ्हाणार न्हाय. सांगून ठेवतो.

पारूबाई : सांगितलंस. जा आता.

दीप्ती : गेले. आत्ती, रोज भांडावं लागेल तुला.

पारूबाई : लागू दे. ओढ्याच्या अंगानं चढता येतंय का?

दीप्ती : येईल, पण घाणेरी माजलीय नुसती. तिकडं वाटच नाही.

पारूबाई : कोयता घे. गेलो-आलो की वाट पडंल.