ख्रू वानची घरभेट

"हॅलो?… हॅलो? वान?… उचललास! अगं, उचललास की गं फोन… नाही, नाही, काही झालं नाही. सगळे जिवंत आहेत."

ख्रू उरैने जीभ चावली. थायलंडातल्या त्या शाळेत शिक्षकांना ख्रू म्हणत. हे शब्द नको होते.

"म्हणजे… बरे आहेत सगळे. तुझा आवाज ऐकायला केला फोन… कुठे आहेस?… नानला? आईकडे?… बरं… बरं झालं… रात्रीच्या बसने गेलीस का?… हो ना, केवढा पल्ला. या दक्षिण टोकाहून पार उत्तरेला…"

जिन्याच्या खालच्या पायरीवर ती बसली होती. मांडीवर केळीच्या पानात बांधलेला चिकट भात आणि भाजलेलं डुकराचं मांस. वर, गॅलरीच्या टोकाला, वानची भाड्याची खोली. दाराशी वानच्या निळ्या चपला. खिडकीचा पडदा आतल्या पंख्याने मधूनच फुगायचा आणि बसायचा. मघाशी ती वर जाऊन टकटक करून आली होती. आतून कुणी हूं की चूं केलं नव्हतं. म्हणून खाली येऊन फोन लावला.

"मी? मी शाळेतच. शिक्षकखोलीत… शांत वाटतंय? अगं, जेवणाची सुट्टी आहे. कार्टी सगळी मैदानात…"

धाकट्या सहकारिणीने खोटं बोलून लाज झाकली होती. ती उघडी पडू नये म्हणून थोरलीनेही एक खोटं बोलायचं, एवढंच.

"ऐक ना, तुझी रजा मी तापाची लिहायला सांगितलीय… हो, मोठ्या सरांना. ते काही बोलले नाहीत. त्यांना वेळ कुठे? वरून ते पथक आलं होतं ना, आनंदी शाळावालं… हो, तेच. बोटांचे बदाम करून फोटो काढायला लावणारं. आम्हा सगळ्यांना उन्हात ओळीने उभं केलं. 'हसा, ख्रू, हसा.' तर आपले विज्ञानाचे सर म्हणतात, परवाच दात काढलेत, मी कशाने हसू?… … हसलीस ना?… नाही? मला वाटलं हसलीस."

पडदा फुगला. बसला.

"तुझा वर्ग?… माझ्याकडे दिलाय. छळतात मेले. फळा पुसून ठेवतात, शहाण्यासारखे बसतात. मला तर भीतीच वाटते… खुर्ची?… आहे ना. तिथेच आहे… नाही हलवली मी. रिकामी नसते गं ती. रोज कुणीतरी येऊन बसतं तिच्यावर. एक दिवस एक, दुसऱ्या दिवशी दुसरं. ठरवून बसतात की काय, मी विचारलं नाही… … हो. खिमच्याच खुर्चीवर."

आलंच नाव.

खिम ख्रू वानच्या वर्गातली. पंधरा वर्षांची. बाप छातीने आजारी, म्हणून रात्री त्याच्या जागी ती रबराच्या बागेत जायची. कपाळाला दिवा बांधून झाडांना चिरा द्यायच्या, पहाटे वाट्यांमधला चीक गोळा करायचा, मग गणवेश चढवून मोटरसायकलवरून शाळा. शाळेत हे कुणालाच ठाऊक नव्हतं. एका सकाळी वळणावर तिचा डोळा लागला, तो पुन्हा उघडलाच नाही. त्या दिवशी फाटकावरची पाळी ख्रू वानची होती. शिट्टी गळ्यात अडकवून ती उशिरा येणाऱ्यांची वाट बघत उभी होती.

"वान… अगं, ऐक ना… नाही, माझं ऐक आधी. आदल्या दिवशी तू तिला तोंड धुऊन ये म्हणालीस. वर्गात झोपलेल्या पोरीला दुसरं काय म्हणतात?… हो, उभं केलंस. केलंस उभं. मग?… अगं, पण तुला कुणी सांगितलं होतं का, की ही पोर रात्रभर… … घरभेट? हो, गेली होतीस की घरभेटीला. दर वर्षी प्रत्येक पोराच्या घरी जातो आपण, तशीच गेलीस. आता तिनेच मावशीचं घर दाखवलं तुला, आपलं म्हणून. गुळगुळीत फरशी, भिंतीवर टीव्ही. फोटोला मावशीला शेजारी उभं केलं. बाप बागेतल्या पत्र्याच्या खोपटात खोकत पडलेला, ते दाखवायची लाज वाटली तिला. तुझ्यापुढे आपण नीटनेटकं दिसावं असं वाटलं. तू काय पोलीस आहेस?… … काय म्हणालीस?… हळू बोल. काही कळत नाही… पाणी? कसलं पाणी?"

ख्रू उरैने फोन दुसऱ्या कानाला लावला. हा कान चांगला होता.

"तू पाणी मागितलंस… मावशीच्या घरात. हं… मग?… तिने एक कपाट उघडलं. त्यात ताटल्या… हं… दुसऱ्यात तेलाच्या बाटल्या… … तिसऱ्यातही ग्लास नव्हता… … हो. कळलं. स्वतःच्या घरात ग्लास कुठे असतात ते तिला माहीत नव्हतं… … आणि तू ते बघितलंस… … आणि काय म्हणालीस?… … 'घरात काडीचं काम करत नाहीस वाटतं, आळशी.' … … आणि ती?… … ती पण हसली."

पुडक्यातून तेल झिरपून ख्रू उरैच्या स्कर्टला डाग पडला होता. बोटाने ती तो डाग उगाच पुसत राहिली.

मग गल्लीच्या तोंडाशी घंटा वाजली. नारळाचं आईस्क्रीम पावात घालून विकणारा, मोटरसायकलला खोका जोडलेला. किणकिण करत तो आत वळला आणि जिन्यासमोरून पुढे गेला.

"…… हो, वाजली… घंटाच. आईस्क्रीमवाला… शाळेत?… हो, येतो की कधी कधी… … तुला फोनमधून ऐकू आली?… आणि खिडकीतूनही?"

ख्रू उरैने मान वर करून खिडकीकडे पाहिलं.

"… वान. नानला पण हाच येतो का गं?"

पडदा फुगला आणि तसाच राहिला. आतून कुणीतरी तो धरला होता.

"चिडू नकोस… हो, खालीच आहे. जिन्यावर… मघाशी मीच वाजवलं दार. घरमालकिणीने नाही… चपला दिसतात तुझ्या. एक उलटी पडलीय… का आले म्हणजे? घरभेटीला आले… होच मुळी. पोरांच्या घरी पायाचे तुकडे पडेस्तोवर हिंडायचं, आणि आपल्या घरी कुणी यायचंच नाही? मी नाही ऐकत असलं… फोटो काढणार नाही, घाबरू नकोस. केसही विंचरले नसशील… थांब, वर येते. फोन ठेवू नकोस. ठेवलास तर बघ."

कठड्याला धरून ती जिना चढली. उलटी चप्पल सुलटी केली, जोडीला लावून ठेवली. स्वतःच्या चपला तिच्याशेजारी काढल्या आणि दाराला पाठ टेकून खाली बसली.

"गुडघे वाजले, ऐकू आले?… फोनवरच बोलू आपण. दाराआडून ओरडायला नको, शेजारी ऐकतील… वान, तू माझा भाताचा कुकर का परत पाठवलास?… मी मागितला होता का?… नाही ना? मांजर घरमालकिणीला देऊन टाकलंस. तिनेच सांगितलं मघाशी. शिट्टी माझ्या टेबलावर ठेवून गेलीस. काल संध्याकाळी मी तो कुकर समोर घेऊन बसले. नवरा म्हणाला, त्यात भात नाही, काय बघतेस?… … मी काय बघत होते, तुला माहीत आहे… एक विचारते. सरळच विचारते. जीव द्यावा असं येतं का गं मनात?"

खाली कुणी बाई आईस्क्रीम घेत होती. शेंगदाणे जास्त घाल म्हणत होती.

"… …

… हं…

… हं… सांगितलंस, फार बरं केलंस… नाही, ओरडणार नाही मी. कशाला ओरडू?… रडत नाही गं. सर्दी झालीय… आत्ता? आत्ताही येतंय मनात?… रात्री. रात्री जास्त… मग आज रात्री मी इथे… नवऱ्याचं काय? अंडं तळून खाईल, नाहीतर झोपेल उपाशी. एवढा मोठा घोडा झालाय… आणि सकाळी दोघी इस्पितळात जाऊ. डॉक्टरीणबाई बसते तिथे, मनाचं बघणारी. मी गाडी चालवीन, तू मागे बस मला धरून… माझं चालवणं? मेलीस भीतीने तर—"

पुन्हा. ख्रू उरैने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. आणि दारामागे, अगदी पाठीशी, नाकातून फुटलेला एक आवाज आला. हसू होतं की हुंदका, तिला सांगता आलं नसतं.

"… जीभच जळो माझी… हं… हं… रड. रड हवं तितकं…

… तुला सांगायचं राहिलंच. ग्रंथालयात चटया टाकल्यात. रात्री बागेत गेलेली पोरं पहिल्या तासाला तिथे झोपतात… हो, झोपतात. शाळेत… केवढी निघाली गं अशी! आपल्या डोळ्यांसमोरची… मोठे सर? म्हणाले, ही शाळा आहे की धर्मशाळा? म्हटलं, सर, पहिल्या तासापुरती धर्मशाळा… ते गेले निमूट… पण तास संपला की त्यांना उठवायला कुणीतरी लागतं. हळूच. खांद्याला हात लावून. मला ते जमत नाही. मी शिट्टी वाजवते. दचकून उठतात बिचारी… … नाही, आत्ता काही कबूल करू नकोस. मी नुसतं सांगितलं…

… दार?… नाही उघडवत?… मग नको उघडूस. मला कसली घाई? बसलेय सावलीत. तुझ्यासाठी चिकट भात आणलाय, दक्षिणेतला आहे, तू नावं ठेवशीलच… फक्त एक कर. घसा कोरडा पडलाय. उन्हातून आलेय. घोटभर पाणी दे मला."

आत सगळं थांबलं.

"… वान?… मुद्दाम नाही गं मागितलं. मला सुचलंच नाही. खरंच तहान लागलीय…

… उठलीस?…

… हं…"

कपाटाचं दार करकरलं. मग दुसरं. काहीतरी पत्र्याचं खाली पडून गोल फिरत राहिलं.

"काय गं?… सापडत नाही?… ग्लास पण देऊन टाकलेस की काय कुणाला?… नाही ना? मग असेल कुठेतरी. इतके दिवस काय, पाणी तरी पीत होतीस का?… शोध. सावकाश शोध. सगळी कपाटं उघड. मी आहे इथेच… नाही… नाही हसत, वान. मी नाही हसत—"

फोन बंद झाला.

ख्रू उरैने तो कानावरून काढला नाही. आत नळ सुटला होता. इतके दिवस न वापरलेल्या नळासारखा आधी खाकरला, मग धार लागली. हा आवाज फोनमधला नव्हता. लाकडातून, तिच्या पाठीतून येत होता.

दार बाहेर उघडणारं होतं. पुडकं उचलून ती बसल्या बसल्याच बाजूला सरकली. दोघींच्या चपलाही तिने भिंतीकडे ओढून घेतल्या, मध्ये येऊ नयेत म्हणून.