दाढ काढली, एवढंच

हॅलो?… हॅलो? कोण, उषा का?… अगं मी. नाना… नाना, नाना! तुझा बाप!… हो, बोईसरहून. पोस्टातून बोलतोय. सकाळी नऊला कॉल नोंदवला होता, आत्ता लागला.

नाही, नाही, काही वाईट झालेलं नाही… अगं, कोणी गेलेलं नाही. घाबरू नकोस. धावत आलीस का?… आधी दम खा. वखारवाल्यांना माझा नमस्कार सांग. म्हणावं, तुला फोनवर बोलवायची तसदी दिली.

सहज केला… सहज म्हणजे सहज. बापाने मुलीला ट्रंककॉल करू नये असं काही आहे का?

आवाज? आवाजाला काय झालं?… बोबडा? हां… ते… अगं, दाढ काढली. एवढंच… खालची. उजवीकडची, शेवटची… सोमवारी. आज शनिवार ना? झाले की पाच दिवस. संपलं ते.

हो, हो… अगं ऐक ना. ऐक तरी! दिवाळीपासून ठणकत होती. लवंग धरायचो, तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. मग रविवारी गाल असा सुजला की तोंडच उघडेना. पालघरला स्टेशनजवळ एक दातांचे डॉक्टर बसतात. सोमवारी गेलो.

एकटाच… कोणाला नेऊ? दाढ माझीच होती ना.

दुखलं का, म्हणजे… हिरडीत सुई दिली. गालाचं लाकूड झालं. चिमटा लावला, तर अर्धी बाहेर आली आणि मूळ राहिलं आत. मग ते कोरून काढलं. मी आपला खुर्चीचे हात घट्ट धरून. डॉक्टर भला माणूस, घामाघूम झाला बिचारा. म्हणाला, "काका, तुमची दाढ जागा सोडायला तयार नाही."… हसतेस काय?… हस, हस. बरं वाटतं ऐकून.

दाढ? पुडीत बांधून दिली… आहे अजून, फळीवर. टाकू कुठे? तुझा पहिला दात पडला तेव्हा तुझ्या आईने कौलावर फेकला होता, आठवतं? इथे वर पत्रा आहे. नुसता वाजेल.

मग काय? मग काही नाही. कापसाचा बोळा दिला. दाबून धरा, दोन दिवस बोलू नका, बर्फ लावा. बर्फ कुठला इथे? मिळाला तो मासळीच्या पेटीतला. दोन दिवस गालाला पापलेटचा वास.

नाही गं, लपवत नाही काही… बरं, सांगतो. स्टेशनवर आलो, गाडीला वेळ होता. रक्त थांबेना. सदरा भिजला. आणि मग जरा घेरी आली… अगं, थोडीशी. बाकावरून खाली बसलो… पडलो नाही, बसलो… बरं, पडलो.

तिथे एक आदिवासी बाई होती, वारल्यांपैकी. वालाच्या शेंगा विकून रिकामी टोपली घेऊन परत निघालेली. तिने उठवलं… होती ना, फलाटावर माणसं होती. बघत होती. त्यांना वाटलं, प्यायलेला आहे. तीच त्यांना ओरडली, "त्याचे तोंडात रगत हाय, प्यालेला नाय तो!" नळावर जाऊन आपलं फडकं धुऊन आणलं, घडी करून माझ्या तोंडात दिलं. म्हणाली, "बाबा, दाब. सोडू नको." गाडीत माझ्याशेजारी बसली. तिला उतरायचं होतं उमरोळीला. उतरली नाही. बोईसरपासून सरावलीला माझ्या खोलीपर्यंत माझा दंड धरून चालत आली. मला निजवलं, उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला, आणि रक्त थांबेपर्यंत दारात बसून राहिली.

जमुना. तिच्या सोबतीणीने उमरोळीला हाक मारली, "जमुना, उतर," म्हणून कळलं. गाव विचारता आलं नाही. तोंडात फडकं. नुसते हात जोडले. तर म्हणते, "हात कशाला जोडते, नीज."… हो ना. तेवढं सगळं परत चालत गेली असेल… नाही, पुन्हा नाही दिसली. उद्या उमरोळीला उतरून शेंगावाल्या बायांना विचारणार आहे.

काय?… तीन मिनिटं संपली?… हो ताई, वाढवा. वाढवा अजून. तोडू नका… उषा? आहेस ना?

ताप होता दोन दिवस. गेला… पातळ भात. ताक मिळालं तर ताक… बुधवारी गेलो कामावर. घरी बसून करू काय?

उषा, तुला एक सांगू? वेडा म्हणू नकोस… डॉक्टरांनी बोलायचं नाही म्हणून सांगितलं होतं. मला वाटलं, बांधकामाच्या स्टोअरमध्ये कसं निभणार? दिवसभर माणसं येतात. म्हणून एक पाटी आणली, शाळेतली पोरं नेतात तसली. खडूने मोठ्या अक्षरात लिहिलं, "दाढ काढली आहे, बोलता येत नाही." टेबलावर सगळ्यांना दिसेल अशी उभी केली.

कोणी वाचली नाही गं.

माणसं येतात, चिठ्ठी पुढे करतात. मी बोल्ट काढून देतो, सही घेतो. जातात. रामनाथ म्हणून फोरमन आहे, तो रोज विचारतो, "ठीक है, बाबूजी?" आणि उत्तर यायच्या आत पाठ फिरवतो. गुरुवारी मला बोलायला हरकत नव्हती. पण मुद्दाम नाही बोललो. म्हटलं, बघू कोण विचारतंय. गुरुवार गेला. शुक्रवार गेला…

आज सकाळी इथल्या बाबूला नंबर सांगायला तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना. त्याने दोनदा विचारलं, "काय म्हणता?" तेव्हा लक्षात आलं, सोमवारपासून आज पहिल्यांदा बोलतोय.

नाही, नाही, माणसं वाईट नाहीत. लांबलांबून आलेत सगळे, ज्याला त्याला आपली काळजी… उषा?… रडतेस का? अगं… म्हणून सांगत नव्हतो.

तिकडे? कायमचा? नको… जावईबापू काही म्हणणार नाहीत, मला माहीत आहे. पण नको. हिंडताफिरता माणूस मी… तुझी आई गेली, मग वैशाखात तू गेलीस. तीन खोल्या आणि मी. म्हणून तर ही नोकरी धरली ना! म्हटलं, एवढं मोठं वीजकेंद्र उभं राहतंय, हजार माणसं असतील… आहेत ना. हजाराच्या वर आहेत.

तू? तू कशाला येतेस?… नको म्हणतो ना. लग्नाला सात महिने झाले नाहीत, सासूबाई काय म्हणतील? आणि प्रवास केवढा! एसटीने नाशिक, तिथून दादर, पुन्हा गाडी बदला. येऊन करणार काय? भात मला येतो करता. दुखणंही संपलं… हो गं, खरंच संपलं… तुझ्या आईची शपथ काय घालतेस लगेच?

हो ताई, ऐकलं. अर्धं मिनिट. ठेवतोच… उषा, ठेवतो हं. जपून राहा. आणि वखारवाल्यांना…

काय?… मग फोन का केला?

…

उषा, ये.

ये गं. दोन दिवस ये. काही करू नकोस, नुसती बस इथे… हॅलो? ऐकलंस का? उषा? हॅलो?… हॅलो!

हॅलो, एक्स्चेंज? ताई, तोडलंत का?… हो, वेळ संपला, कळलं मला. तुम्ही शेवटी लाइनवर होता का?… मग माझं शेवटचं गेलं का तिकडे?… मी म्हणालो, ये… तेच, तेच. गेलं?… आणि ती? मला इकडे काही ऐकू आलं नाही. ती काय म्हणाली?

परत सांगा जरा. फार खरखर आहे.

सोमवारी… सोमवारी निघते म्हणाली?… असं म्हणाली? "नाना, हे आधीच म्हणायचं होतंत"… बरं. बरं, ताई.

नाही, नाही. परत नको लावायला. कळलं… हो. खोली झाडून घ्यायला हवी. चादर एकच आहे, दुसरी आणावी लागेल… नाही, तुम्हाला नाही म्हणालो. ठेवतो.